उभ्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरतेय? बदलण्याआधी मोजा

किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले, बॉनेटखालून टकटकटकटक असा घाईघाईचा आवाज आला आणि सगळं पुन्हा शांत. गाडी तीन आठवडे जागेवर उभी होती, बाकी काही नाही.

माझ्यावर ही वेळ दीड वर्षात तीनदा आली. पहिल्यांदा बॅटरी चार वर्षांची होती. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हिचं वय झालं." मी मान डोलावली आणि नवी बसवली. दुसऱ्यांदा तीच नवी बॅटरी सहा महिन्यांत उतरली, तेव्हा मीटर हातात घेतला आणि गाडीत एक चोर सापडला, म्हणजे गाडी उभी असताना गुपचूप करंट खाणारी वस्तू. चोर काढला, निर्धास्त झालो. पुढे दोन महिने बाहेर राहून परत आलो तर पुन्हा टकटक. या तिसऱ्या वेळी गाडीत काहीही बिघाड नव्हता, आणि नेमकं हेच माझ्या डोक्यात शिरायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तुमचीही गाडी चालवताना ठणठणीत आणि उभी राहिली की मान टाकणारी असेल, तर पुढचं वाचा. नव्या बॅटरीचे पैसे कदाचित वाचतील.

आधी आवाज ऐका

टकटकटक असा भराभर आवाज म्हणजे बॅटरीत जीव आहे, पण सेल्फ फिरवण्याइतका नाही. सेल्फचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडून देणारा विजेवरचा स्विच) ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज थोडं सावरतं आणि पुन्हा तेच. सेकंदात अनेकदा.

एकच मोठा 'टक्' आणि हेडलाइट मात्र लख्ख असतील, तर संशय बॅटरीवर घेऊ नका. सेल्फ मोटर किंवा तिच्या जाड वायरीचं कनेक्शन बघा. इंजिन घुर्र... घुर्र... असं आळसावून फिरत असेल तर बॅटरी निम्म्यावर किंवा त्याखाली आली आहे. आणि काहीच झालं नाही, दिवासुद्धा लागला नाही, तर बॅटरी पार संपली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.

टर्मिनल तपासायला हत्यार लागत नाही. क्लॅम्प मुठीत धरून पिळा. तसूभरही हलता कामा नये. त्यावर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर क्लॅम्प काढा, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करून घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. ती भुकटी हातांना आणि डोळ्यांना लागू देऊ नका.

मीटर काय सांगतो

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज घ्या. १२.६ किंवा १२.७ आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली बॅटरी रिकामीच धरा. 'बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवतेय म्हणजे चांगली आहे' हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की आता समजवायचाही कंटाळा येतो. आत सहा सेल असतात, प्रत्येक भरलेला सेल २.१ व्होल्टचा. बारा दाखवते ती बॅटरी पाऊण रिकामी झालेली असते.

नुकतीच गाडी चालवून आलात आणि १२.९ दिसलं तर हुरळून जाऊ नका, तो वरवरचा चार्ज आहे. मिनिटभर हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा.

दुसरं रीडिंग सेल्फ मारताना घ्यायचं, म्हणजे दुसरा माणूस लागेल. भरलेली बॅटरी सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर तिची ताकद खरंच गेली आहे. तिसरं रीडिंग इंजिन चालू असताना: साधारण १३.८ ते १४.७ यायला हवं. तिथेही १२.४ वरच अडकलं असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्जिंगच करत नाही, आणि हा सगळा लेख तुमच्या कामाचा नाही.

काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतो आणि बॅटरी भरलेली असली की मुद्दाम कमी व्होल्टेज देतो. अशा गाडीत एकाच रीडिंगवर निकाल देऊ नका.

उभ्या गाडीचा गुणाकार

किल्ली काढून खिशात टाकली तरी गाडी पूर्ण बंद होत नाही. सेंट्रल लॉकचा रिसीव्हर रिमोटची वाट बघत जागा असतो, अलार्म जागा असतो, घड्याळ चालू असतं, कॉम्प्युटर आपल्या आठवणी जपून असतात. हे सगळं मिळून निरोगी गाडी २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ ते ०.०५ अँपिअर खाते. अगदी क्षुल्लक वाटतं. पण रात्रंदिवस.

समजा बॅटरी ४५ अँपिअर-अवरची आहे (एक अँपिअर तासभर घेतला की एक अँपिअर-अवर संपतो) आणि गाडी ३० मिलिअँपिअर खाते. ०.०३ गुणिले २४, म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर. निम्मी बॅटरी, म्हणजे साडेबावीस अँपिअर-अवर, संपायला ३१ दिवस. निम्म्याच्या खाली गेलेल्या बॅटरीवर गाडी सुरू होईल याचा भरवसा नाही. त्यात बॅटरीचा स्वतःचा क्षय वेगळा: नुसती कपाटात ठेवली तरी महिन्याला तीन ते पाच टक्के जातात, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

आता माझी तिसरी वेळ. ६० दिवस गुणिले ०.७२, म्हणजे ४३ अँपिअर-अवर. बॅटरी ४५ ची. गाडी सुरू होण्याचं काही कारणच नव्हतं! चुकली होती ती माझी अपेक्षा. शिवाय जुन्या बॅटरीवर ४५ छापलेलं असलं तरी आत ४५ उरलेलं नसतं. २५-३० उरलं असेल तर हाच महिना अडीच-तीन आठवड्यांवर येतो.

तुमची गाडी किती दिवसांत उतरते आणि या हिशेबाने किती दिवसांत उतरायला हवी, हे शेजारी शेजारी लिहा. महिना-दीड महिन्यात उतरत असेल तर दोष शोधू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा. चार दिवसांत, आठवड्यात उतरत असेल तर चोर आहे.

चोर पकडणं

हे काम निवांत करायचं, तासभर हाताशी ठेवून.

मीटर करंटवर लावा, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. बॅटरीचा मायनस क्लॅम्प ढिला करा. मीटरची एक टोकणी (प्रोब) बॅटरीच्या मायनस खुंट्याला आणि दुसरी क्लॅम्पला पक्की लावा, आणि मगच क्लॅम्प खुंट्यावरून उचला. असं केलं की गाडीचा पुरवठा क्षणभरही तुटत नाही आणि झोपलेले कॉम्प्युटर दचकून उठत नाहीत. मीटर असा मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही चालू करायचं नाही. मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटर तरी.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कधी कधी दोन-तीन अँपिअरसुद्धा. घाबरू नका. गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. काही गाड्यांत वीस मिनिटं लागतात, काहींत तास. बॉनेट उघडं आहे, दार उघडं आहे असं गाडीला वाटत राहिलं तर ती झोपतच नाही, म्हणून बॉनेटचं आणि दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करून ठेवा. नंतर ते सोडवल्याशिवाय बॉनेट आपटू नका. मी आपटलं होतं. बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली दुसऱ्या खोलीत लांब ठेवा, नाहीतर गाडी आणि किल्ली एकमेकींशी बोलत बसतात.

माझ्या गाडीत आकडा उतरत उतरत ०.१४ वर आला आणि तिथेच बसला. म्हणजे दिवसाला ३.४ अँपिअर-अवर. नवी बॅटरी आठवड्यात निम्मी, दोन आठवड्यांत सपाट.

आता हा करंट जातो कुठे? जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज उपटून आकडा पडतो का बघायचा. चालते, पण फ्यूज काढला-घातला की त्या लाइनवरचा कॉम्प्युटर जागा होतो आणि तुम्ही पुन्हा वीस मिनिटं बसून राहता. त्यापेक्षा बरी युक्ती आहे. ब्लेड फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर लावून त्या दोन ठिपक्यांवर टोकण्या टेकवायच्या. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य, जात असेल तर अर्धा-एक मिलिव्होल्ट दिसतो. फ्यूज जागचा हलवायचा नाही. यासाठी दुसरा मीटर असेल तर उत्तम. एकच असेल तर क्लॅम्प पुन्हा जागेवर बसवा, गाडीला झोपू द्या आणि मग फ्यूज बघत जा. लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घातली का, हे दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीवर व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटरमधून सरळ शॉर्ट होतो.

माझ्याकडे शून्य, शून्य, शून्य, आणि मग एका १० अँपिअरच्या फ्यूजवर ०.८. त्या फ्यूजच्या पाठीत एक पातळ लाल वायर खोचलेली होती, जी गाडीबरोबर आलेली नव्हती. तिचा माग काढत गेलो तर समोरच्या काचेवरचा डॅशकॅम. बसवणाऱ्याने तो इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजऐवजी कायम चालू राहणाऱ्या फ्यूजला जोडला होता. गाडी उभी असताना तो रिकाम्या पार्किंगवर इमानेइतबारे पहारा देत होता. वायर शेजारच्या फ्यूजमध्ये हलवली, आकडा ०.०३ वर आला. दहा मिनिटांचं काम. त्याआधी मी एक बॅटरी बदलून बसलो होतो.

नंतर बसवलेल्या वस्तूंवर पहिला संशय घ्या, हे मी आता सगळ्यांना सांगतो: डॅशकॅम, ट्रॅकर, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, जादा अलार्म, ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचे दोष वाचायचं यंत्र लावतात ते) खोचून विसरलेलं यंत्र. काही गाड्यांत चार्जरचं सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतं, तेही बघा. कंपनीने दिलेल्या वस्तूंत डिक्कीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा. पाच वॉटचा साधा बल्ब ०.४ अँपिअर खातो, दिवसाला दहा अँपिअर-अवर. झाकण लावल्यावर दिवा विझतो की नाही हे बघायला फोनवर व्हिडिओ चालू करून फोन डिक्कीत ठेवा आणि झाकण लावा. (किल्ली डिक्कीत ठेवू नका, फोन ठेवताना ती हमखास हातात असते.) चिकटून चालूच राहिलेला रिलेही (विजेवर चालणारा स्विच) असू शकतो. तो हाताला कोमट लागतो.

सगळे फ्यूज शून्य आणि तरी करंट जातोय? मग वाट फ्यूजबॉक्समधून नाही. अल्टरनेटरची जाड वायर बहुधा थेट बॅटरीकडे किंवा एखाद्या मोठ्या फ्यूजकडे जाते, आणि अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) खराब झाला की करंट उलट गळतो. बॅटरी सोडवून ती वायर काढा, टेप गुंडाळा, पुन्हा मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटर उतरवावा लागेल. हे ज्याला जमतं त्याच्याकडे द्या.

आज गाडी सुरू करायची आहे

जंपर केबल लावायच्या तर क्रम सोडू नका. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. शेवटचा काळा मेलेल्या बॅटरीवर लावायचा नाही, तर त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटचा चिमटा टेकताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. चांगली गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. सुरू झाली की मेलेल्या गाडीतला ब्लोअर लावा आणि चिमटे उलट क्रमाने काढा. बॅटरी फुगलेली, तडकलेली, गळत असलेली किंवा गोठलेली असेल तर जंप द्यायचा नाही, चार्जही करायची नाही. हायब्रिड गाडीकडून जंप घेण्याआधी तिचं मॅन्युअल बघा.

धक्का मारून सुरू करणं मॅन्युअल गिअरच्या गाडीपुरतं, तेही बॅटरीत इंजिनला पेट्रोल पोचवणारा गाडीतला पंप आणि कॉम्प्युटर चालवण्याइतका जीव असेल तरच. पार सपाट बॅटरीची इंजेक्शनची गाडी कितीही ढकला, फक्त घाम निघतो.

इलेक्ट्रिक गाडीवाले हसू नका. तिच्यातही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. शेवटचा वीस टक्के चार्ज बॅटरी फार हळू घेते. तासभर चालवून ती निम्म्याच्या वर येईल, भरणार नाही. म्हणून घरी आल्यावर चार्जर लावा. ४ अँपिअरचा चार्जर ४५ ची सपाट बॅटरी भरायला पूर्ण रात्र आणि वर सकाळ घेतो. जागा हवेशीर हवी. चिमटे आधी, चार्जरचा स्विच नंतर. बॅटरी एजीएम प्रकारची (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली) असेल, आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत ती अनेकदा असते, तर चार्जरवर तोच मोड निवडा. मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला दिसला तर काळा चिमटा त्या टर्मिनलला न लावता बॉडीच्या बोल्टला लावा, म्हणजे आत गेलेला चार्ज गाडीच्या हिशेबात येतो.

उतरलेली बॅटरी तशीच पडू देऊ नका. प्लेटवर जमलेलं लेड सल्फेट सुरुवातीला मऊ असतं, चार्ज केलं की विरघळतं. आठवडे गेले की त्याचे मोठे कडक खडे होतात आणि ते परत येत नाहीत. माझ्या नव्या बॅटरीचं आयुष्य मी असंच दोनदा कापलं. कडाक्याच्या थंडीत आणखी एक: भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड सहजी गोठत नाही, पण रिकामीतलं जवळजवळ पाणीच असतं आणि शून्याच्या थोडं खाली गेलं की गोठतं.

'दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेवा'

हा सल्ला मलाही मिळाला होता, मी पाळलाही. त्याचा हिशेब बघा. आठवड्यात गाडीने ०.७२ गुणिले ७, म्हणजे पाच अँपिअर-अवर खाल्ले. ते दहा मिनिटांत परत भरायचे तर सलग ३० अँपिअर बॅटरीत जायला हवेत. जागेवर मंद फिरणाऱ्या इंजिनचा अल्टरनेटर पूर्ण जोरात नसतो, त्यातलं काही फॅन, दिवे, एसी घेतात, आणि बरीचशी भरलेली बॅटरी एवढा करंट आत घेतही नाही. सेल्फ स्वतः फार खात नाही. २०० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.११ अँपिअर-अवर. पण हातात येतं थोडंच, आणि थंड इंजिनमुळे सायलेन्सरमध्ये पाणी आणि ऑइलमध्ये पेट्रोल जमतं ते वर. चालू करायचीच असेल तर बाहेर काढा आणि सलग पाऊण तास चालवा. ते जमणार नसेल तर हातही लावू नका.

निघण्याआधी

दोन आठवडे असतील तर काही करायची गरज नाही, बॅटरी भरलेली असू द्या. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट असेल तर बॅटरी मेंटेनर लावून निघून जा. तो बॅटरी भरली की आपोआप १३.५ व्होल्टच्या आसपास येऊन थांबतो आणि महिनोन्महिने लावून ठेवता येतो. साधा जुना चार्जर असा लावून ठेवू नका, तो बॅटरी उकळून काढेल. उघड्यावरच्या गाडीला सोलर मेंटेनर चालतो, फक्त त्याचा प्लग सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये घालण्याआधी ते सॉकेट किल्ली काढल्यावर चालू राहतं का बघा. राहत नसेल तर थेट बॅटरीला जोडा.

प्लग पॉइंट नाही, ऊन नाही, ही माझी परिस्थिती. मी बॅटरी पूर्ण भरतो आणि मायनस सोडवतो. दहाचा पाना पुरतो. आधी मायनसच, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी मग सर्किट पुरं होत नाही. क्लॅम्पला फडकं गुंडाळून बाजूला खोचायचा, आपोआप खुंट्यावर येऊन बसणार नाही असा. हे करण्याआधी रेडिओचा कोड लिहून ठेवा, आणि किल्ली गाडीत ठेवून काहीही बंद करू नका. रिमोट आता चालणार नाही. किल्लीच्या पोटातली धातूची पात दाराला लागते का हे आजच करून बघा. माझ्या दाराचं कुलूप इतक्या वर्षांत कधी वापरलंच नव्हतं, ते फिरेना. त्यात आधी ग्राफाइटची पूड सोडावी लागली. बॅटरी डिक्कीत असेल आणि डिक्की बटणावर उघडणारी असेल तर आत शिरायची वाट आधी शोधा.

जाता जाता टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा आणि जागा सपाट असेल तर हँडब्रेक न ओढता चाकांना ठोकळे लावा.

परत आल्यावर क्लॅम्प घट्ट बसवला की घड्याळ लावायचं, खिडक्या पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ दाबून ठेवायचं, म्हणजे एका दाबात आपोआप वरखाली होणं परत येतं. पहिली काही मिनिटं इंजिनचा आयडल जरा वरखाली होतो, मग बसतो. मागच्या वेळी अकरा आठवड्यांनी जोडली. मीटरवर १२.५ होतं, पहिल्याच सेल्फला लागली.